मुंबईत नवख्याला जागा कोण देतं?

मुंबई नव्या माणसाला खरंच आपलं म्हणते, की दिवसभर त्याच्याकडून काम करून घेते आणि संध्याकाळी त्याला गाडीत कोंबून लांब पाठवते? या प्रश्नाला दोन्ही उत्तरं देणारी माणसं पुष्कळदा एकाच घरात सापडतात. इथे ती मामा-भाची आहेत. मामा सत्तरच्या दशकात माण तालुक्यातून लालबागला आले, गिरणीत बदली कामगार म्हणून लागले आणि १९८२च्या संपानंतर मिळेल ते काम करत काळाचौकीच्या चाळीत टिकून राहिले. भाची नर्सिंगचं शिक्षण पुरं करून अलीकडेच आली आहे. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात नोकरी, राहायला डोंबिवली. दोघंही या लेखासाठी रचलेली आहेत, पण ज्या मुंबईबद्दल ती बोलतात ती रचलेली नाही.

भाची : मामा, गावाकडून निघताना जो तो सांगत होता, मुंबईत शेजारी मेला तरी कुणाला पत्ता लागत नाही. मला मात्र पहिल्या आठवड्यातच उलटं दिसलं. लोकलचा बायकांचा डबा घ्या. ड्युटी संपवून परळला गाडी पकडेपर्यंत गर्दी झालेलीच असते. चढल्या चढल्या बसलेल्या बाईला विचारायचं, ‘कुठे उतरणार?’ ती म्हणते, ‘ठाणा.’ झालं, ती जागा माझी. माझ्यामागून चढलेली मला विचारते, ‘ही सीट कुणाला दिली?’ मी सांगते, ‘ही मला, पण त्या हिरव्या साडीतल्या मुलुंडला उतरतायत, त्यांना विचारा.’ कुठे लिहिलेलं नाही, पावती नाही, देखरेखीला कुणी नाही. तरी ठाणं जवळ आलं की ती बाई मला हाताने खूण करते, मधल्या बायका अंग चोरून वाट देतात, बाकावरच्या दोघी खिडकीकडे सरकतात आणि कडेची जागा मला मिळते. बसले रे बसले की मांडीवर कुणाची तरी पर्स आणि कुणाचा तरी डबा येतो, कारण उभी असलेलीचे दोन्ही हात वरच्या कडीला. आडनाव कुणी विचारत नाही, गाव विचारत नाही, भाषा मोडकीतोडकी असली तरी चालते. आपल्या एसटीत रुमाल टाकून जागा धरतात आणि त्यावरून भांडणं होतात, ती आठवली मला.

मामा : ती शिस्त खरी आहे, मी नाही म्हणत नाही. पण ती कशातून आली ते बघ. जिथे जागा कमी आणि माणसं फार, तिथे नियम केला नाही तर रोज मारामारी होईल. त्या डब्याचं कौतुक करताना पुरुषांच्या डब्याच्या दाराकडेही बघ. या लोकलमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. कुणी रूळ ओलांडताना, कुणी दारातून पडून. सकाळी डबा घेऊन निघालेला माणूस संध्याकाळी घरी येईलच याची खात्री नसते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीला तितकीच गर्दी असते. लोक याला मुंबईची जिद्द म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. हजेरी चुकली की पगार कापला जातो, म्हणून माणूस निघतो.

भाची : पण मग माणसं इथेच का येत राहतात? तुम्हीही आलात.

मामा : मी आलो कारण आमच्याकडे पाऊस नव्हता आणि इथे गिरणीचा भोंगा होता. मुंबईत १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, पुढच्याच वर्षी कावसजी नानाभाई दावर यांनी इथल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. तेव्हापासून घाटावरची आणि कोकणातली पोरं इथे येत राहिली. फक्त आमचीच नव्हे. तेलंगणातले पद्मशाली विणकर आले, उत्तरेतले भय्ये आले, कच्छी आले. पण आल्यावर आम्ही उघड्यावर पडलो नाही. आमच्या गावाचा गाळा होता. गावातल्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेली एक खोली. भिंतीला ट्रंका, दोरीवर कपडे, कोपऱ्यात वळकट्या. रातपाळीवाला आला की दिवसपाळीवाला उठायचा, अंथरूण थंड व्हायचं नाही. जेवण खाणावळीत. तिथल्या मावशीकडे वही, जेवलो नाही तो खाडा, पगार झाला की हिशेब. नवीन पोराला नोकरी लागेपर्यंत मावशी उधारीवर जेवू घालायची. बदलीचा पास मिळाला की गिरणीच्या गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर साच्यावर काम. त्यात किती पोरं उभी राहिली!

भाची : त्या मावश्यांना उधारी परवडायची कशी?

मामा : नाही परवडायची. त्या स्वतः सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असायच्या. प्रेमा पुरव यांनी ते हेरलं. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. म्हणून सांगतो, मुंबई मोठ्या मनाची वगैरे काही नाही. माणसांनी माणसांसाठी सोय केली, संघटना केल्या, म्हणून नवखा टिकला. माथाडींसाठी १९६९ साली कायदा झाला तोही पाठीवर पोती वाहणारे एकत्र आले म्हणून.

भाची : हे सगळं ऐकायला मला आवडतं, मामा. पण एक विचारू? तुमच्या गाळ्यात बाई कुठे होती?

मामा : बाई गावी. शेत आणि पोरं बघायला. आम्ही मनीऑर्डर करायचो.

भाची : आणि गाळ्यात दुसऱ्या जातीचा माणूस?

मामा : ज्याच्या त्याच्या गावकीचा, ज्याच्या त्याच्या भावकीचा गाळा वेगळा. गिरणीतसुद्धा तेच होतं. धोटा भरताना धाग्याचं टोक तोंडाने ओढून घ्यायचे, म्हणून उष्ट्याच्या नावाखाली दलित कामगारांना साचेखात्यात घेत नसत. पगार तिथे जास्त होता. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी तो प्रश्न पुढे आणला. ते स्वतः परळच्या बीआयटी चाळीत राहिलेले, त्यांना हे लांबून कळलेलं नव्हतं.

भाची : म्हणजे तुमच्या मुंबईने जागा दिली, पण तुम्ही कोण ते विचारून दिली. मला या शहराने पहिल्यांदा न विचारता काही दिलं. गावात मी अमक्याची लेक, तमक्याची पुतणी. कुठे चालले, किती वाजता आले, कुणाशी बोलले, सगळ्याचा हिशेब द्यायचा. इथे रात्रपाळी संपवून सकाळी स्टेशनवर एकटी चहा पिते तेव्हा कुणी वळून बघत नाही. तुम्ही त्याला परकेपणा म्हणाल. मला त्यात मोकळा श्वास मिळतो.

मामा : मोकळा श्वास मिळतो हे मानतो. पण आजारी पडलीस तर?

भाची : माझं सगळं कामच आजाऱ्यांत आहे, त्यामुळे तेही बघते. आमच्या वॉर्डात एका खाटेवर बिहारमधला पेशंट, शेजारी बंगालमधला, पलीकडे बुलढाण्याचा. सिस्टर केरळच्या, मावशी कोकणातल्या. बंगाली आजीला दुखतंय कुठे ते आम्हाला कळत नव्हतं, तेव्हा शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकाने येऊन सांगितलं, आणि पुढे ती सुट्टी होऊन जाईपर्यंत तोच तिचा दुभाषा झाला. परळच्या टाटा रुग्णालयात तर १९४१ पासून देशभरातून कॅन्सरचे रुग्ण येतात. त्यांतल्या कितीतरी जणांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आसरा मिळतो. ज्या महाराजांनी स्वतःसाठी झोपडी बांधली नाही, त्यांच्या नावाने आज आसामचा माणूस इथे पाठ टेकतो. याला तुम्ही काय म्हणाल?

मामा : याला मी पुण्याई म्हणेन, पण शहराची नव्हे, गाडगेबाबांची. त्याच रुग्णालयाबाहेर फुटपाथवर चादर अंथरून झोपलेले नातेवाईक तू रोज बघतेस ना? धर्मशाळा कमी पडते. एवढ्या श्रीमंत शहरात त्यांच्यासाठी आणखी दहा धर्मशाळा का नाहीत?

भाची : बघते मी त्यांना. तो प्रश्न बरोबर आहे. पण चांगलं आहे तेही मोजायला हवं. मी माणची आहे, उन्हाळ्यात टँकरची वाट बघत मोठी झाले. इथे पहाटे नळ सुटतो आणि पाण्याचा जोर बघून मला अजून नवल वाटतं.

मामा : ते पाणी कुठून येतं माहीत आहे? मुंबईला सात तलाव पाणी देतात. विहार आणि तुळशी शहराच्या पोटात, नॅशनल पार्काला लागून. बाकीचं बहुतेक पाणी शहापूरच्या डोंगरांकडून. तानसाचं धरण तर १८९२चं. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर जातो. धरण त्यांच्या उशाशी आणि घागर रिकामी. माणच्या पोरीला हे मी जास्त समजावून सांगायला नको.

भाची : नको. हे मला ठाऊक नव्हतं, आणि आता नळाखाली बादली लावताना आठवेल. पण म्हणून शहरच वाईट असं मी नाही म्हणणार. ६ डिसेंबरला मी ड्युटीनंतर शिवाजी पार्कला गेले. चैत्यभूमीला आलेली माणसं, लातूरची, नागपूरची, मराठवाड्यातल्या कुठल्या कुठल्या वाड्यावस्त्यांवरची. मैदानात मुक्काम. आणि गर्दी कशाभोवती? पुस्तकांच्या स्टॉलभोवती. पायांत तुटकी चप्पल असलेला म्हातारा कनवटीचे पैसे सोडून नातवासाठी पुस्तक घेत होता. कुणी पाणी वाटत होतं, कुणी जेवण, कुणी औषधं. त्याच सुमारास माहीमच्या मखदूमशाह बाबांच्या उरुसात पहिली चादर मुंबई पोलीस चढवतात. तिथून थोडं चालत गेलं की माहीमच्या चर्चमध्ये बुधवारी नोव्हेनाला सगळ्या धर्मांच्या लोकांची रांग. सप्टेंबरात वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा. आमच्या रूममध्ये आम्ही चौघी, त्यांत एक गोरखपूरची, एक मणिपूरची, एक नांदेडची मुसलमान आणि मी. स्वयंपाकाची पाळी ठरलेली, देवाधर्मावरून एकदाही वाद नाही. इतकी वेगवेगळी माणसं एकमेकांजवळ राहतात, हे मी कुठे बघितलं असतं?

मामा : जवळ राहतात आणि एकमेकांना मारतातही. मी डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ इथेच काढले. दंगलीत नऊशे माणसं गेली. ज्यांच्याबरोबर रोज कटिंग चहा प्यायचो त्यांच्या गल्लीत जायला आम्ही घाबरलो आणि ते आमच्या. कितीतरी मुसलमान कुटुंबं घरं विकून मुंब्र्याला गेली. तू म्हणतेस ती सरमिसळ त्यानंतर बरीच कमी झाली. उरुस आणि जत्रा पुन्हा भरल्या, पण उठून गेलेले शेजारी परत आले नाहीत.

भाची : तरी शहर पुन्हा उभं राहिलंच ना.

मामा : आपोआप नाही राहिलं. पोलीस अधिकारी सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे अशी माणसं वस्त्यांत बसली, मोहल्ला कमिट्या झाल्या. दोन्हीकडच्या लोकांना एका खोलीत बोलावलं, क्रिकेटचे सामने भरवले, अफवा उठली की रात्री धावत गेले. तू गाडीतल्या जागेचं सांगितलंस ना, तिथे रोज प्रत्येक बाई विचारते आणि प्रत्येक बाई दिलेला शब्द पाळते, म्हणून ते चालतं. शांततेचंही तसंच. कुणीतरी रोज करावी लागते. ‘मुंबई मुळातच सर्वांची आहे’ असं म्हणून हात झटकले की ती कुणाचीच राहत नाही.

भाची : हे मला पटतं. आणि मीसुद्धा काही सगळं गोडच बघितलेलं नाही. खोली शोधताना किती दारं बंद झाली! एजंट फोनवर आधी विचारायचा, ‘फॅमिली की बॅचलर?’ मग ‘मच्छी-मटण खाता का?’ मग ‘नाइट ड्युटी? मुलींचं रात्री येणं-जाणं सोसायटीला चालत नाही.’ नांदेडच्या मैत्रिणीचं नाव ऐकलं की ‘मालक नंतर कळवतील.’ मणिपूरच्या मैत्रिणीला तर पासपोर्ट विचारला. शेवटी डोंबिवलीत एक मालकीण मिळाल्या. त्यांनी एवढंच विचारलं, भाडं वेळेवर द्याल ना? अनामत रकमेसाठी चौघींनी घरून पैसे मागवले. करार अकरा महिन्यांचा, म्हणजे पुढच्या वर्षी हीच दारं पुन्हा ठोठावायची. जी बाई गाडीत मला अनोळखी असून शेजारी बसवते, तीच कदाचित तिच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला नको म्हणत असेल. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

मामा : तू परळला काम करतेस आणि डोंबिवलीला राहतेस, यातच सगळं आलं. आम्ही गिरणीपासून चालत पाच-दहा मिनिटांवर राहायचो. १९८२चा संप फसला, गिरण्या बंद पडत गेल्या. नियम असा होता की गिरण्यांच्या जमिनीतला एक हिस्सा महापालिकेला, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली नियम बदलला, वाटणी फक्त मोकळ्या जागेची ठरली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. घरांना आणि मैदानांना द्यायची जमीन त्यात आटली. तिथे मॉल झाले, ऑफिसांचे टॉवर झाले. दीड लाखाहून जास्त गिरणी कामगारांनी आणि वारसांनी घरासाठी अर्ज केले, मिळालेली घरं त्यांच्यापुढे मूठभर. उरलेल्यांसाठी शेलू-वांगणीची नावं निघाली. ज्यांनी परळ वसवलं त्यांना कर्जतच्या वाटेवर घर!

भाची : आणि त्या टॉवरांत काम करणारे रोज गाडीने येतात.

मामा : तेच तर. कामगार चालत यायचे, तेव्हा स्टेशनचा पूल अरुंद असला तरी भागायचं. ऑफिसं आली, हजारो माणसं गाडीने उतरायला लागली, पूल मात्र जुनाच. २९ सप्टेंबर २०१७ला सकाळी पाऊस होता, माणसं जिन्यावर थांबली आणि एल्फिन्स्टन रोडच्या त्या पुलावर वीसहून जास्त माणसं चेंगरून मेली. मग लष्कराने येऊन काही महिन्यांत नवा पूल बांधला. म्हणजे बांधता येत होता. तू त्याच भागातून रोज जातेस, म्हणून सांगितलं.

भाची : मामा, मग तुम्ही मला परत जा म्हणताय का?

मामा : छे! तू इथेच राहा. मला एवढंच म्हणायचंय, शहरावर भाळून गप्प बसू नकोस. आम्ही मिळालं त्याबद्दल उपकार मानत बसलो आणि जमीन कधी गेली ते कळलं नाही. हक्काने माग. तुम्ही नर्सा, डिलिव्हरीची पोरं, नाक्यावर उभे राहणारे मजूर, वॉचमन, तुमच्याशिवाय हे शहर एक दिवस चालणार नाही. मग तुमच्या राहण्याची सोय शहराने का करू नये?

भाची : मागू. पण आम्ही मागू तेव्हा गावकीचा गाळा नाही मागणार. जिथे जात विचारत नाहीत, जिथे बाईला रात्री उशिरा आली म्हणून हिशेब द्यावा लागत नाही, अशी जागा मागू. तुमची एकजूट आणि माझं मोकळेपण, दोन्ही पाहिजे.

मामा : मग त्या रूमवरच्या तिघींना घेऊन सुरुवात कर. आम्हीही खोलीतूनच सुरुवात केली होती.

दोघांच्या बोलण्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. मुंबईत नवख्याला काम मिळतं, गाडीत बसायला जागा मिळते, रुग्णालयात शेजारच्या खाटेची माया मिळते, कारण तिथे माणसं एकमेकांना रोज जागा करून देतात. घर मात्र मिळत नाही, कारण तिथे जागा देणारे हात थोडे आणि नको म्हणणारे नियम फार. शहर विविध आहे याचा अभिमान मिरवायचा आणि त्या विविधतेला कर्जत-कसाऱ्याच्या वाटेवर राहायला लावायचं, हे एकत्र चालणार नाही. परवडणाऱ्या भाड्याची घरं, नोकरदार महिलांची पुरेशी वसतिगृहं, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा या गोष्टी सरकारने आणि महापालिकेने कामाच्या ठिकाणांजवळ बांधल्याच पाहिजेत, आणि ज्या जमिनी अजून सार्वजनिक हातात आहेत त्या त्यासाठी राखल्या पाहिजेत.

पण सगळंच सरकारवर सोडून चालणार नाही. हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेक जण कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या कमिटीत असतील, काहींच्या मालकीचा रिकामा फ्लॅट असेल. आपले आजोबा किंवा वडीलही कधीतरी ट्रंक घेऊन या शहरात उतरले होते आणि त्यांना कुणीतरी जागा दिली होती. पुढच्या वेळी कुणी मुलगी खोली मागायला आली, तर तिचं आडनाव, ताट आणि ड्युटीची वेळ विचारू नका. भाडं वेळेवर देशील ना, एवढंच विचारा आणि किल्ली द्या.